पहाऱ्यावरच्या जवानाकडे पुरावा मागत नाहीत

इकडे पाऊस लागला की चार-चार दिवस हटत नाही. दरड रस्त्यावर येते, रेशनची गाडी खालीच अडकते, आणि मोबाइलचं नेटवर्क एकदा गेलं की दोन दिवसांनी उगवतं. ईशान्येकडच्या पोस्टिंगवर ज्यांनी एखादा पावसाळा काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. अशा दिवसांत पोस्टवरची सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे सुट्टीवरून परतलेल्या कुणाची तरी हार्ड डिस्क. मागच्या महिन्यात आमचा तरुण कॅप्टन अशीच एक घेऊन आला आणि तिच्यातून निघाला 'अलोन'.

नाव ऐकून मला बिपाशा बसूचा तो भुताचा सिनेमा आठवला. हा तो नव्हे. हा २०२० सालचा अमेरिकन सिनेमा, दिग्दर्शक जॉन हायम्स. गोष्ट मूळची स्वीडनची. २०११ मध्ये तिथे 'फोर्सवुनेन' या नावाने ती पडद्यावर येऊन गेली होती आणि लेखक मॅटियास ओल्सन दोन्हीकडे तोच आहे. मोजून चार-पाच माणसं, संवाद अगदी बेताचे. एक बाई, तिच्या मागे लागलेला एक खुनी आणि मध्ये जंगल. बस, एवढंच.

बघायला आम्ही चौघं होतो. मी, कॅप्टन, पावसामुळे आमच्याकडेच अडकून पडलेली फील्ड हॉस्पिटलची डॉक्टर (तीही कॅप्टन), आणि संध्याकाळचा रिपोर्ट द्यायला आलेले आमचे सुभेदार साहेब. ते दारातच थबकून बघायला लागले म्हणून मी त्यांना खुर्ची दिली. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, पण या सिनेमात भाषेवाचून अडत नाही.

पुढे मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी इथे थांबावं.

जेसिका नावाची तरुण विधवा घर सोडून निघाली आहे. नवऱ्याने आत्महत्या केली आहे. सगळं सामान गाडीमागच्या ट्रेलरमध्ये भरून ती एकटीच लांबच्या प्रवासाला लागते. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातला, उंच झाडांमधून जाणारा ओला, सुनसान रस्ता. पुढे एक जीप रेंगाळत चाललेली. ती ओव्हरटेक करायला जाते, तर जीपवाला वेग वाढवतो आणि समोरून ट्रक येतो. थोडक्यात वाचते. नंतर तोच माणूस तिला गाठून माफी मागतो. चष्मा, मिशी, बोलणं अगदी सौम्य. आपल्या बँकेत काउंटरपलीकडे बसलेला असतो तसा माणूस. पुढे पुन्हा तोच, आता गाडी बंद पडलेली, हात गळ्यात बांधलेला, मदत मागतोय. ती गाडीत घेत नाही, निघून जाते. पण तो सुटत नाही. शेवटी तो तिला पळवून जंगलातल्या एका घराच्या तळघरात डांबतो. तिथून ती निसटते, अनवाणी. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे तिचं पळणं. सिनेमाचे पाच भाग पाडलेत: रस्ता, नदी, पाऊस, रात्र आणि मोकळी जागा.

सिनेमा संपल्यावर आमच्यात जी चर्चा झाली ती अगदी आमच्या धंद्याला शोभेल अशी. कॅप्टनने लगेच तिच्या चुकांची यादी वाचायला घेतली. अनवाणी पळाली. पायात लाकूड घुसलं ते उपसून काढलं. नदीत उडी मारली. रक्ताचा माग ठेवला. डॉक्टरने तिची बाजू घेतली. शरीरात घुसलेली वस्तू उपसू नये हे खरं, कारण तीच रक्त अडवून धरते. पण ते स्ट्रेचरवर झोपलेल्या पेशंटसाठी. ज्याला पुढच्या मिनिटाला धावायचंय तो पायात फाटा ठेवून धावणार कसा? नदीबद्दल मी बोललो. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. बर्फाळ पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, नंतर दहा-एक मिनिटंच हातपाय कामाचे राहतात. म्हणजे नदी हा सुटकेचा मार्ग असला तरी त्याची किंमत लगेच मोजावी लागते. पण मागे रायफल घेऊन माणूस उभा असेल तर मीही उडी मारली असती. माग तोडायला वाहत्या पाण्यासारखं दुसरं काही नाही.

खरं तर या बाईने बरंच काही बरोबर केलं. घाबरून सरळ रेषेत पळत सुटली नाही, थांबली, लपली, बघितलं. आणि रात्री तिने जे केलं ते तर आम्ही शिकवतो तसंच होतं. तिने त्याच्यापासून लांब जाणं थांबवलं आणि उलट त्याच्याच गाडीकडे सरकली. त्या रानातून बाहेर पडायचं एकमेव साधन त्याच्याकडेच होतं. खडकवासल्याला एनडीएत असताना कॅम्प रोव्हरमध्ये, पाठीवर पिट्ठू आणि हातात होकायंत्र घेऊन सह्याद्रीत रात्रीच्या रात्री चालताना, आम्हाला एक गोष्ट रगड्यासकट शिकवली होती: वाट चुकली की आधी बसा. थांबा, विचार करा, आजूबाजूला बघा, मग ठरवा. हे वाचायला सोपं वाटतं. अंगात थंडी भरलेली, पायाला फोड आलेले आणि पोटात सकाळपासून काही नाही अशा अवस्थेत 'बसणं' किती कठीण असतं ते केल्याशिवाय कळत नाही.

आमची ही चर्चा तासभर चालली असती. सुभेदार साहेब तेवढा वेळ गप्प होते. गढवालचे आहेत, बोलतात कमी. उठताना म्हणाले, "साहब, जंगल में तो उसने कोई ग़लती नहीं की. उसे पहले दिन ही पता था. सड़क पर ही पता था."

ते रिपोर्टची वही काखेत मारून गेले आणि आमची चर्चा तिथेच संपली.

साहेबांचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही नदी आणि रात्रीवर बोलत बसलो होतो, आणि सिनेमाचा जीव पहिल्या भागात होता. रस्त्यावर. त्या पहिल्या ओव्हरटेकपासून तिच्या पोटात काहीतरी हललेलं आपल्याला दिसतं. तो माफी मागतो तेव्हा ती अवघडलेली आहे. तो मदत मागतो तेव्हा ती नाही म्हणते, पण त्याच्यापेक्षा तीच जास्त शरमलेली दिसते. जखमी माणसाला रस्त्यात सोडून जाणारी बाई कशी, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर वाचता येतो. तो माणूस तिच्या याच सभ्यपणावर डाव मांडत असतो. काच खाली करायला लावायची, दोन वाक्यं बोलायला लावायची, 'आपण उगीच संशय घेतोय' असं तिला वाटायला लावायचं. तळघराला कुलूप लागतं ते नंतर. पहिलं कुलूप तो तिच्या मनाला लावायला बघतो.

आमच्याकडे एक सूत्र आहे, सगळ्या फौजांमध्ये या ना त्या रूपात असतंच: नेहमीचं दिसायला हवं ते नाही, आणि दिसायला नको ते आहे. रोज ज्या गल्लीत मुलं खेळतात तिथे आज एकही मूल नाही. कालपर्यंत नव्हता तो दगडांचा ढीग आज रस्त्याच्या कडेला आहे. काय आहे ते अजून माहीत नाही, पण काहीतरी आहे. अशा वेळी जवान हात वर करतो आणि अख्खी तुकडी जागच्या जागी थांबते. 'तुझ्याकडे पुरावा काय?' असं त्याला कुणी विचारत नाही.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. लेफ्टनंट होतो, नवा कोरा, कंपनीत येऊन तीन महिने झालेले. हिवाळ्यातली रात्र. पहाऱ्यावरच्या एका पोराने, एकोणीस-वीसचा असेल, एकाच रात्रीत दोनदा सगळ्यांना 'स्टँड टू' करायला लावलं. पहिल्यांदा रानडुक्कर निघालं, दुसऱ्यांदा काहीच निघालं नाही. दुसऱ्या खेपेला झोपेतून उठून, बूट चढवून, थंडीत मोर्चात अर्धा तास कुडकुडल्यावर मी त्या पोरावर भडकलो. सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तेव्हाच्या सीनियर जेसीओंनी मला चहा दिला आणि बाजूला घेऊन सांगितलं की साहेब, आज तुम्ही त्याला ओरडलात, उद्या तो आवाज ऐकेल आणि आधी तुमचा चेहरा आठवेल. मग तो खात्री करून घ्यायला थांबेल. तेवढ्या वेळात काय होतं ते आपण सगळे जाणतो. मी त्या पोराला बोलावून घेतलं आणि म्हटलं, आज रात्री पुन्हा काही वाटलं तर पुन्हा उठव. ज्युनियरची माफी मागण्याची सैन्यात जी पद्धत असते तीच ती.

तेव्हापासून मी जिथे जिथे कमांड केली तिथे हा नियम पाळला. खोट्या इशाऱ्याला शिक्षा नाही. शंभरातले नव्व्याण्णव इशारे रानडुकराचे असणार हे गृहीत धरायचं आणि शंभरही वेळा उठायचं.

आणि लक्षात घ्या, पहाऱ्यावरचा जवान संशय आला म्हणून गोळी घालत नाही. तो ललकारतो, "थम! कौन आता है?" समोरच्याला ओळख द्यायची संधी असते. येणारा आपला असेल तर नाव सांगतो आणि आत येतो, त्याला अपमान वाटत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण असे सिनेमे आले की आपल्यातले काही पुरुष म्हणतात, म्हणजे आता प्रत्येक पुरुष खुनीच का? नाही हो. संशय घेणं म्हणजे निकाल देणं नव्हे. थांबून विचारणं म्हणजे आरोप नव्हे. आपला माणूस असेल तर त्याला चार पावलं लांब उभं राहायला काय हरकत असते?

पण घरात आणि रस्त्यावर आपण नेमकं उलटं करतो. मुलगी म्हणते, 'मला त्या काकांकडे नको जायला.' आपण म्हणतो, असं बोलू नये, काकांना नमस्कार कर. बायको म्हणते, 'तो माणूस मला बरा नाही वाटत.' आपण विचारतो, का? काय केलं त्याने? तिच्याकडे उत्तर नसतं. असणारच नाही. जवानाकडेही नसतं. झुडपात काय हललं हे त्याला सांगता येत नाही, हललं एवढंच सांगता येतं.

या सिनेमातला मला सगळ्यात जास्त टोचलेला प्रसंग खुनाचा नाही. नदीतून वाचलेल्या, चिखलाने माखलेल्या, लंगडणाऱ्या जेसिकाला जंगलात एक वयस्क शिकारी भेटतो. भला माणूस आहे. तिला आपल्या गाडीत घेतो. आणि मग समोरून तो येतो. शांत. ही आमच्या नात्यातली, हिची मनःस्थिती बरी नाही, असं काहीसं तो सांगतो, अगदी काळजीच्या सुरात. आता शिकाऱ्यासमोर दोघं आहेत. एक केस विस्कटलेली, थरथरणारी, ओरडणारी बाई आणि एक नीट बोलणारा माणूस. तो भला माणूस क्षणभर तोलून बघतो. दोघांचं ऐकून घ्यावं, उगीच एकाची बाजू घेऊ नये, इतकाच त्याचा हेतू असतो. त्यात त्याचा जीव जातो.

तो वाईट नव्हता, नीट विचार करणारा होता. पण शांतपणे बोलणारा खरा आणि घाबरलेला वेडा, ही आपल्या सगळ्यांच्या डोक्यातली जुनी खूणगाठ त्याच्याही डोक्यात होती. वास्तविक ज्याच्यावर वेळ आलेली असते तोच घाबरलेला असतो. ज्याने वेळ आणलेली असते तो कशाला घाबरेल?

दोन दिवसांनी नेटवर्क आलं तेव्हा मी घरी फोन केला. नेहमीची विचारपूस झाली आणि मी बायकोला हा प्रसंग सांगायला लागलो, मोठ्या उत्साहात. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं लाइन गेली. मग ती म्हणाली, "तुला अंबाल्याची आठवण आहे का?"

होती. म्हणजे माझ्या आठवणीप्रमाणे काही घडलंच नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी फील्डवर होतो. बायको आणि मुलगी पंजाबातल्या एका छावणीत, आणि क्वार्टर सोडायची वेळ आली होती. फौजी बायकांना हे नवीन नाही. पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेल्या काळ्या ट्रंका ट्रकमध्ये चढवायच्या, गॅसचं कनेक्शन बंद करायचं, मुलांचे शाळेचे दाखले घ्यायचे आणि नवरा जिथे असेल तिथून फोनवर 'सगळं ठीक ना?' विचारणार. ट्रक पुढे गेला. मागून आमची गाडी घेऊन ती निघाली, नऊ वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन, दिल्लीच्या दिशेने. वाटेत तिचा फोन आला. एक चंदेरी गाडी तासभर मागे आहे. मी हळू केलं की तीही हळू करते. पंपावर थांबले तर ती पलीकडे थांबली.

मी एका बैठकीला निघालो होतो. मी म्हणालो, "अगं, तो हायवे आहे, मागे गाडी असणारच. सगळे दिल्लीलाच चाललेत. तू दमलीयस. कुठेतरी थांबून चहा घे." आणि फोन ठेवला. रात्री ती सुखरूप पोहोचल्याचा मेसेज आला. माझ्यासाठी विषय संपला.

आता सहा वर्षांनी तिने उरलेली गोष्ट सांगितली. अंबाल्याच्या अलीकडे ती एका मोठ्या ढाब्यावर थांबली. तिथे एक पंजाबी कुटुंब जेवत होतं, लग्नाला निघालेलं, तीन-चार गाड्या भरून. ती त्यांच्यातल्या आजींच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "बीजी, एक गाड़ी पीछे लगी है, मुझे ठीक नहीं लग रहा." त्या बाईने कोण, कशी, कुठली काहीच विचारलं नाही. पुरीचा घास खाली ठेवला, मुलाला हाक मारली आणि सांगितलं, या पोरीची गाडी मध्ये घ्या. एक गाडी हिच्या पुढे, दोन मागे. अंबाल्याच्या छावणीच्या गेटपर्यंत ते सगळं लग्नाचं वऱ्हाड तिला सोडायला आलं. चंदेरी गाडी कधी गायब झाली ते कुणाला कळलंही नाही. कदाचित तो खरंच दिल्लीला चाललेला कुणी साधा माणूस असेल. कदाचित नसेल.

"मला हे तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुला पटवून द्यावं लागलं असतं," ती म्हणाली. "त्या दिवशी मागच्या गाडीपेक्षा तेच जास्त जड वाटलं. तुला फोन केला ही माझीच चूक झाली असं वाटत होतं."

पंधरा-सोळा वर्षं मी जवानांना जो नियम शिकवत आलो, तो माझ्या स्वतःच्या बायकोला लागू होतो हे मला त्या दिवशी सुचलं नव्हतं. अनोळखी म्हातारीला जे न शिकवता कळलं ते मला कळलं नाही. आणि शिकाऱ्याच्या त्या प्रसंगाने मी इतका का अस्वस्थ झालो होतो तेही मला फोन ठेवल्यावर उमगलं.

आता थोडं सिनेमाच्या विरुद्धही बोलायला हवं. अशा सिनेमांमुळे एक गैरसमज पक्का होतो की धोका म्हणजे रानातला अनोळखी माणूस. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांमध्ये दहापैकी नऊहून अधिक आरोपी ओळखीतलेच असतात. नातेवाईक, शेजारी, मित्र, नोकरीच्या जागचे. म्हणजे जंगल आणि चंदेरी गाडी हा अपवाद, आणि 'काकांना नमस्कार कर' हा नेहमीचा रस्ता. पण म्हणूनच तो नियम घरात जास्त गरजेचा आहे. अनोळखी माणसाबद्दल संशय सांगताना बाईला फक्त वेडी ठरण्याची भीती असते. ओळखीच्या माणसाबद्दल सांगताना घर मोडण्याचीही असते.

दुसरी गोष्ट हत्याराची. नवदीप सिंगचा 'एनएच १०' बऱ्याच जणांनी पाहिला असेल, २०१५ चा, अनुष्का शर्माचा. त्यात सुरुवातीलाच मीरावर रात्री रस्त्यात हल्ला होतो आणि पोलिसांकडून सल्ला मिळतो की पिस्तूल घ्या. ते घेतलं जातं. आणि पुढे त्याच पिस्तुलाच्या जोरावर तिचा नवरा नको त्या माणसांच्या मागे जातो आणि दोघं संकटात सापडतात. हत्यारं हाताळण्यात माझी वीस वर्षं गेलीत, म्हणून सांगतो: सराव नसलेल्या हातातलं हत्यार धैर्य देतं, संरक्षण देईलच असं नाही. मुलींना कराटे शिकवा, जरूर शिकवा, माझीही जाते. पण एकीकडे कराटेची फी भरायची आणि दुसरीकडे ती 'नको वाटतंय' म्हणाली की गप्प बसवायचं, याला अर्थ नाही. हात शिकवायचे आणि कान कापायचे, असं ते होतं.

मे २०२५ मध्ये एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. मी ज्या ग्राउंडवर घाम गाळला तिथेच. त्या दिवशी माझी मुलगी टीव्हीसमोरून हलली नव्हती. त्या मुली पहाऱ्याची तपासणी करतील, त्यांच्या इशाऱ्यावर कंपन्या उठतील आणि 'पुरावा काय' असं त्यांना कुणी विचारणार नाही. गणवेश चढवला की बाईच्या शब्दावर शंभर माणसं मोर्चा घेणार, आणि तोच गणवेश उतरवून ती हायवेवर गाडी चालवायला लागली की आपण म्हणणार, तू दमलीयस, चहा घे. हे मला आता पटत नाही.

सिनेमाच्या शेवटी त्या मोकळ्या जागेत जेसिका त्याला मारते. पण त्याआधी ती एक गोष्ट करते. त्याच्याच फोनवरून त्याच्या बायकोला फोन लावते आणि तिचा नवरा कोण आहे ते तिला सांगते. कॅप्टनला तो वेळेचा अपव्यय वाटला. मला नाही वाटला. त्या माणसाचं सगळं बळ दुसऱ्या घरात, दुसऱ्या माणसांसमोर तो सभ्य होता यात होतं. रायफल जाऊनही तो उभा असतो. तो फोन लागल्यावर मात्र तो पहिल्यांदा ढासळतो.

आमची बदली जानेवारीत आहे. ट्रंका पुन्हा निघतील, गाडी पुन्हा तीच चालवणार, कारण मला नेहमीप्रमाणे सुट्टी मिळेलच याची खात्री नाही. फोनवर आमचं आता एवढं ठरलंय. पहाऱ्यावरून इशारा आला की कंट्रोल रूममधला माणूस तीन गोष्टी विचारतो: कुठे, किती लांब, कोणत्या दिशेला. तसेच तीन प्रश्न मी विचारायचे. आत्ता कुठे आहेस? गाडीत पेट्रोल किती आहे? समोर माणसांची जागा कुठली दिसते? मग ११२ ला फोन कुणी करायचा ते ठरवायचं, आणि ती माणसांत पोहोचेपर्यंत लाइन तोडायची नाही. बैठक थांबली तर थांबली. 'नक्की का?' हा प्रश्न यादीत नाही.

बायकोने यादी ऐकून घेतली आणि म्हणाली, "रानडुक्कर निघालं तर?"

मी म्हणालो, निघू दे. पुन्हा वाटलं तर पुन्हा उठव.